तुर्फानच्या अंगणातली बांबूची खाट

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची खाट आहे. जुनी म्हणजे किती, ते माझ्या रंगावरून ओळखा. जन्मले तेव्हा मी हिरवी होते, मग पिवळी पडले आणि कित्येक उन्हाळ्यांचा घाम पिऊन तांबूस झाले. माझ्या माहेरी असा रंग चढलेली खाट कुणी सोन्याच्या भावानेही विकत नसे. आता मी राहते त्या गावात बांबू उगवत नाही आणि पाऊस कधी पडला तर लोक बाहेर येऊन बघत उभे राहतात. माझा एक पाय सुतळीने आवळून बांधलेला आहे. दिवसा माझ्यावर द्राक्षं वाळत घालतात, हा अपमान मी गिळलेला आहे. तरी तुम्ही बसा. मी अजून मजबूत आहे, फक्त जरा करकरते.

यांगत्से नदीच्या दक्षिणेला डोंगर आहेत, तिथल्या बांबूच्या बनात माझा जन्म झाला. ज्याने मला घडवलं तो कारागीर फार कमी बोलायचा. विस्तवावर बांबू धरून तो हळूहळू फिरवायचा आणि नरम झाला की गुडघ्यावर वाकवायचा. माझे चारही पाय त्याने असेच वाकवले. पाठीच्या पट्ट्या त्याने साल वर ठेवून बसवल्या, कारण बांबूचा सगळा थंडावा सालीत असतो. एकही खिळा मारला नाही, सगळ्या खुंट्या बांबूच्याच. मग मी आणि माझ्या बहिणी नावेत बसून नदीने हानखौला आलो. रेडिओ त्या शहराला वुहान म्हणतो. तिथे राहणारे आम्ही हानखौच म्हणायचो.

बाजारात एका तरुण बाईने मला उलटं केलं, सुलटं केलं, बोटांनी ठोकून पाहिलं. तिचं नाव तान फेंगशिआन. पुढे सगळी गल्ली तिला तान काकू म्हणायला लागली, म्हणून मीही तेच म्हणते.

"करकरत तर नाही ना ही?" तिने विचारलं.

"आडव्या होऊन बघा की," विकणारा चेष्टेने म्हणाला.

तर ती भर बाजारात खरोखर आडवी झाली! कूस बदलली, पाय ताणले, डोळे मिटले. भोवती माणसं जमली. उठली ती म्हणाली, "बांधून द्या." त्या क्षणापासून ती मला आवडली.

हानखौचा उन्हाळा काय असतो, हे मी तुम्हाला कसं सांगू? नदी जवळ, तळी जवळ, आणि हवा भिजलेल्या घोंगडीसारखी अंगावर. दिवसभर घरांच्या भिंती तापायच्या आणि संध्याकाळी ती सगळी ऊब घरातच ओकायच्या. मग घरात झोपणार कोण? उन्हं कलली की प्रत्येक घरातून बादल्या बाहेर यायच्या. गल्लीच्या फरशीवर पाणी मारलं की वाफेचा लोट उठायचा आणि तो बसला की आम्ही खाटा बाहेर निघायचो. मला कोमट पाण्याने पुसायचे. गार पाण्याने पुसलेली खाट थोड्या वेळाने पुन्हा तापते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मग मुगाचं गार पाणी, खारवलेलं बदकाचं अंडं, ताडाच्या पानांचे पंखे आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या भानगडी. सगळी गल्ली एका अंथरुणावर झोपल्यासारखी झोपायची, आणि मला वाटायचं, जगात याहून सुख नाही.

गल्लीच्या तोंडाशी नदीवरचा वारा यायचा. ती जागा पेंग आजोबांची. पूर्वी ते धक्क्यावर हमाली करत. भर दुपारी ते आपली खाट तिथे आणून ठेवायचे आणि वर एक वीट ठेवायचे. त्या विटेला हात लावायची कुणाची छाती नव्हती. गल्लीतला एकुलता एक रेडिओसुद्धा त्यांचाच.

तान काकूंचा नवरा नदीवरच्या बोटीत कोळसा टाकायचा. तो लवकर गेला. मग माझ्यावर काकू आणि त्यांची लेक रुइलान अशा दोघीच उरल्या. रुइलान भिंतीकडच्या बाजूला झोपायची आणि झोपेत आईच्या अंगावर पाय टाकायची. "अगं, आधीच उकडतंय, पाय काढ!" काकू म्हणायच्या. पण त्यांनी तो पाय स्वतः कधी उचलून बाजूला ठेवला नाही.

त्या काळी शहरातल्या तरुण मुलामुलींना लांबच्या प्रांतांत कामाला पाठवत. रुइलानला पश्चिमेकडे पाठवलं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. "उरुमचीच्या बाजूला," एवढंच ती आईला सांगून गेली; पत्रं-पार्सलंही तिथल्या कचेरीच्या पत्त्यावरच जायची. त्या उन्हाळ्यापासून काकू माझ्या अर्ध्याच भागावर झोपू लागल्या. भिंतीकडची बाजू रिकामी. कुणी तिथे टेकलं तर म्हणायच्या, "जरा अलीकडे बस."

रोज संध्याकाळी पेंग आजोबांच्या रेडिओवर देशभराचं हवामान सांगत. देश एवढा मोठा, की ऐकताना माझी फिरतीच व्हायची. हार्बिनला गार वारं, कुनमिंगला सदाचा वसंत, ग्वांगचौला वादळ येणार, आणि वुहान, सदतीस अंश! आमचं नाव आलं की सगळी गल्ली एका सुरात "हाय हाय" करायची. पण काकूंचा कान पुढच्या एका नावावर असायचा. "उरुमची, चोवीस अंश." ते ऐकलं की त्यांचा पंखा हलका चालायचा. आपण उकडतोय पण पोर गारव्यात आहे, या एका समाधानावर त्या झोपी जात. झोपण्याआधी मात्र विणकाम करत. तेही लोकरीचं, तेही भर जुलैत!

"तान काकू," पेंग आजोबा म्हणायचे, "नुसता स्वेटर कशाला पाठवता? मेंढीच पाठवा अख्खी."

"तुम्हालाच पाठवते. तुमचीही लोकर वाढलीये," काकू म्हणायच्या.

बरेच उन्हाळे असे गेले. रुइलानचं तिकडेच लग्न झालं, मुलगी झाली. आणि एका जुलैत ती मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव शाशा. चिनीत शा म्हणजे वाळू. काळी, काटक, भरपूर बोलणारी पोर. रुइलानने आल्या आल्या आईला सांगितलं, "हानखौला बदली मागतेय मी. मिळेल असं म्हणतायत. शाशाची शाळाही इथेच होईल." काकू लगेच उठल्या. आत गेल्या, कढत पाणी आणलं आणि मला असं पुसलं, की माझी साल निघते की काय असं मला वाटलं. त्या संध्याकाळी माझ्यावर तिघी होत्या. मी इतकी खूश होते, की जरासुद्धा करकरले नाही.

मग रेडिओ लागला. "उरुमची, चोवीस अंश."

"ऐकलंस? तुझ्या गावाचं नाव आलं," काकू नातीला म्हणाल्या.

"ते कुठे आमचं गाव?" शाशा कलिंगड खात म्हणाली. "आमचं नाव रेडिओत येतच नाही. आमच्याकडे वाळूत अंडं पुरलं तर शिजतं."

"काय फेकते पोरगी!" पेंग आजोबा हसले. "हानखौचीच शोभते."

रुइलान मात्र खाली मान घालून बसली होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं.

"आई, आम्ही तुर्फानला राहतो," ती म्हणाली. "उरुमची डोंगराच्या पलीकडे."

"किती असतं तिथे?"

"चाळीस. कधी कधी पंचेचाळीस."

काकूंच्या हातातला पंखा थांबला. "म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच गावाची हवा ऐकत होते?"

"तुला झोप लागावी म्हणून नाही सांगितलं."

"आणि स्वेटर?"

"हिवाळ्यात घालते ना. थंडीही मरणाची असते तिकडे. दोन शेजारणीला दिले, तिला फार आवडले."

गल्लीत कुणीच हसलं नाही. काकू कलिंगडाच्या बिया गोळा करत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बदली लवकर करून घे. भट्टीतून बाहेर निघ." रुइलान समजावत होती की तिकडची झळ वेगळी, सावलीत गेलं की बरं वाटतं, पण काकूंच्या डोक्यात तो पंचेचाळीसचा आकडा बसला तो बसलाच.

आणि मग व्हायचं ते उलटंच झालं. पंचेचाळीसात वाढलेली शाशा आमच्या सदतीसात आडवी झाली. आधी अंगभर घामोळं उठलं, मग ती खाईना, मग तिला तापाने घेरलं. काकूंनी तेल लावून चमच्याने तिची पाठ लाल होईपर्यंत घासली, उष्म्यावर आमच्याकडे तोच पहिला उपाय. उतार पडेना. शेवटी डॉक्टरीण आली.

"हिला या ओल्या उकाड्याची सवय नाही," ती म्हणाली.

"अहो, पण तिकडे पंचेचाळीस असतं!" काकू कळवळून म्हणाल्या.

"असेल. तिथे घाम वाळतो, इथे वाळत नाही. नुसत्या आकड्यावरून काय कळणार?"

तेवढ्यात पेंग आजोबा उठले. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी ठेवलेली ती वीट उचलली आणि काखेत मारली. "माझ्या खाटेला कंटाळा आलाय तिथे पडून," ते म्हणाले. "तुमची आणा तिथे. बघत काय बसलात? उचला!"

चौघांनी मला शाशासकट उचललं आणि नदीच्या वाऱ्यात नेऊन ठेवलं. बायकांनी पाळी लावून पंखे हलवले. ज्यांच्याशी काकूंचं नळावरून वाकडं होतं, त्याही आल्या. शाशाचा ताप उतरला तेव्हा नदीवरची पहिली बोट भोंगा देत होती, आणि ती पोर उठून म्हणाली, "भूक लागली." मित्रांनो, त्या गल्लीवर माझं किती प्रेम आहे, हे मला त्या पहाटे कळलं.

पण डॉक्टरीण बाईंनी रुइलानला बाजूला घेऊन जे सांगितलं, त्याने बदलीचा विषय संपला. लहान असेपर्यंत शाशाचा उन्हाळा इथे नको. मायलेकी परत निघाल्या. काकू स्टेशनवरून आल्या आणि माझ्या मधोमध बसून राहिल्या. आता लेक इकडे येणार नव्हती. एका खाटेवर पुन्हा झोपायचं असेल, तर जाणार काकूच होत्या.

गल्ली सोडायची, नदी सोडायची, ती भाषा, त्या शेजारणी! हिवाळाभर त्या स्वतःशीच भांडल्या. मी भिंतीला टांगलेली होते, सगळं ऐकत होते. फुलं फुलायच्या दिवसांत त्यांनी निकाल लावला.

"म्हातारपणी वाळवंटात?" पेंग आजोबा ओरडले. "आणि ही खाट? ती कशाला ओढून नेता? मला द्या. काय रंग चढलाय तिला!"

"खाट नाही तर मी नाही," काकू म्हणाल्या.

तीच त्यांची चूक. हानखौच्या माणसाला उन्हाळा म्हटला की बांबूची खाट हवी, मग तो उन्हाळा कुठलाही असो. मला गवती चटईत गुंडाळलं, आगगाडीच्या सामानाच्या डब्यात घातलं, वाटेत गाडी बदलली. भाताची खाचरं गेली, गव्हाची शेतं गेली, मग पिवळी माती, मग नुसते दगड. वाटेत प्रत्येक स्टेशनवर उन्हाळा निराळाच असायचा. डब्याच्या फटीतून येणारी हवा दिवसेंदिवस कोरडी होत गेली आणि माझ्या सांध्यांत काहीतरी टकटक वाजू लागलं.

तुर्फानला द्राक्षाच्या मांडवाखाली मला ठेवलं. तिथेही लोक उन्हाळ्यात अंगणात झोपतात, हे पाहून काकूंना फार बरं वाटलं. शेजारची आयिमखान टरबूज घेऊन आली. ती उइगुर, म्हणजे तिथल्याच लोकांतली, काकूंहून लहान, रुइलानहून मोठी. ती तिच्या भाषेत बोलायची, काकू हानखौच्या. मोठ्याने बोललं की समजतं, अशी दोघींची पक्की समजूत होती, त्यामुळे नुसती साखर मागायची असली तरी भांडण चालल्यासारखं वाटायचं.

पण ती हवा! सावलीत ती खरंच सोसवायची, रुइलान खोटं बोलली नव्हती. ती जाळायची नाही, पिऊन टाकायची. माझ्या पट्ट्या आकसल्या, खुंट्या ढिल्या झाल्या. काकूंचंही तेच. नाकातून रक्त यायचं, ओठ फुटायचे, टाचांना भेगा पडल्या. सगळ्या देशाचं घड्याळ एकच, म्हणून तिकडे रात्री दहापर्यंत उजेड. संध्याकाळचं हवामान रेडिओवर लागायचं तेव्हा ऊन चांगलं कडक असायचं, आणि "वुहान, सदतीस अंश" ऐकलं की काकू कपाळ पुसायच्या. कपाळावर घामाचा थेंबही नसायचा.

"पेंग उठले असतील बादली घेऊन," त्या म्हणायच्या.

एका दुपारी त्या माझ्यावर बसल्या आणि माझा मागचा पाय फटाका फुटावा तसा फुटला. त्या घसरून खाली पडल्या. लागलं फारसं नाही, पण उठल्या त्या सरळ आत गेल्या आणि गाठोडं बांधायला लागल्या.

"आई, हे काय?"

"परत जाते. खाट इथे जगायची नाही आणि मीही नाही. हिला घेऊनच जाते."

"मी लोखंडी खाट आणते बाजारातून."

"मला खाट नकोय गं. मला तू हवी होतीस, आणि ते मला झेपत नाहीये. पुरे झालं." त्या रडत होत्या आणि गाठ आवळत होत्या.

 रुइलान नुसती दारात उभी राहिली. आवाज ऐकून आयिमखान आली. तिने गाठोडं पाहिलं, काकूंचा चेहरा पाहिला, माझा फुटका पाय हातात घेऊन पाहिला. माझ्या पट्टीवर ओलं बोट फिरवलं. पट्टीने पाणी कसं शोषून घेतलं, ते तिला दिसलं. मग ती रुइलानवर खेकसली. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, पण अर्थ असा असावा की उचल की, काय बघतेस!

दोघींनी मला डोक्यावर घेतलं आणि गल्लीच्या टोकाच्या पाटावर नेलं. डोंगरातल्या बर्फाचं पाणी जमिनीखालच्या भुयारांतून तिथे येतं. उन्हाळ्यातही इतकं गार, की हात सुन्न पडावा. आयिमखानने मला आडवी करून पाण्यात सोडलं आणि वाहून जाऊ नये म्हणून स्वतः पाटात उतरून धरून उभी राहिली. मित्रांनो, ते पाणी मी कसं प्यायले म्हणून सांगू! एकेक पट्टी फुगली, एकेक खुंटी जागेवर बसली. फुटलेल्या पायावर तिने ओली सुतळी गुंडाळली. ती वाळत गेली तशी आणखी आवळत गेली. आजही तिथे सुतळीच आहे.

काकू मागून आल्या होत्या, गाठोडं हातात घेऊनच. बऱ्याच वेळाने त्यांनी मला बोटांनी ठोकून पाहिलं, बाजारात ठोकलं होतं तसं.

"हिची सोय झाली," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी आहे का असा एखादा पाट?"

 रुइलान आईसमोर बसली, तिने आईचे बूट काढले, मोजे काढले, आणि त्या भेगाळलेल्या टाचा दोन्ही हातांत धरून पाण्यात सोडल्या. "इतकी वर्षं मीही तुला विचारलं नाही, तुला काय लागतं ते," ती म्हणाली. "सांग ना आता. सांगत जा."

काकूंनी तिथेच यादी सुरू केली. मुगाचं पाणी. टाचांना तेल. रोज संध्याकाळी कुणीतरी त्यांच्याशी हानखौच्या बोलीत भांडावं. आणि भिंतीकडच्या बाजूला रुइलानने झोपावं. आयिमखानला काय कळलं कोण जाणे, पण प्रत्येक मागणीला ती जोरजोरात मान डोलवत होती. ते गाठोडं घरी जाऊन सोडलं की नाही, हे मी पाहिलं नाही, कारण मी अजून पाण्यात होते. पण काकू त्यानंतर पुष्कळ उन्हाळे माझ्यावर झोपल्या. रुइलान चाळिशीची होऊनही झोपेत त्यांच्या अंगावर पाय टाकायची, आणि काकू तिला पूर्वीसारख्याच ओरडायच्या.

काकू आता नाहीत. त्यांच्या माघारी वाटलं होतं, माझं सरपण होणार. पण तसं झालं नाही. उन्हाळ्यात माझे सांधे टकटक वाजायला लागले, की रुइलान आणि आयिमखान अजूनही मला उचलून पाटावर नेतात. दोघीही आता म्हाताऱ्या. दर थोड्या वेळाने मला खाली टेकवतात, माझ्यावरच बसून धापा टाकतात, पुन्हा उचलतात. वाटेत गल्लीतली पोरं हसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी लांबून आलेलं असेल, दुसऱ्या हवेतलं, दुसऱ्या पाण्यातलं. त्याला नुसतं आणून ठेवलं म्हणजे आपलं प्रेम पुरलं असं समजू नका. त्याला काय लागतं ते विचारा, आणि विचारल्यावर ते आणून द्या. माझ्यासारख्या जुन्या लाकूडफाट्याचं यापेक्षा जास्त मागणं नाही.

आणि आम्हाला पाहून हसू आलं तर खुशाल हसा. फक्त हसता हसता माझा एक पाय धरा, कारण या दोघी दमल्या आहेत आणि पाट अजून थोडा लांब आहे.